लीझिंग म्हणजे सरवा

पिपरी मेघे, रविवार संध्याकाळ

आठवडाभर एकाच शब्दावर अडले होते. भाषांतराला घेतलेल्या जुन्या इंग्रजी गोष्टीत गरीब बायका कापणीनंतर ‘लीझिंग’ला जातात. मी लिहिलं, शेत भाडेपट्ट्यानं घेतात. पण गरीब बायका? पटेना. आज भांडी घासायला आलेल्या वेणूताईंना वाचून दाखवलं.

“भाड्यानं काऊन घेतीन? पीक नेल्यावर खाली पडलेलं वेचाले गेल्या असतीन. सरवा! मी बी जातो ना.”

इंग्रजी बोलीकोश उघडला. लीझिंग, जुन्या इंग्रजीतल्या ‘वेचणं’ या अर्थाच्या क्रियापदापासून. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं मी! लाज थोडी, हसूच जास्त आलं. भाडेपट्टा खोडून सरवा लिहिलं.

वेणूताई हात पुसून शेजारी बसल्या. “वाचा मंग पुढं. त्यायले काई भेटलं का नाई?”

ओटीभर भेटलं होतं. सगळं वाचून दाखवलं.