बोटीतली वीस पोती

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणखाण वेळेवर होतं, एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं एकट्यानं वाचा.

कालव्यावर प्रवासी बोटी पुन्हा सुरू झाल्या खऱ्या, पण यांची अक्कल बघा. आमच्या साहेबांनी छपराची उंची ठरवली ती बोटीत चाळीस माणसं बसवून. रिकामी बोट पाण्यावर उचलली जाते, हे तुम्ही मला लहानपणीच शिकवलंत. यांना ते कळलं छप्पर जुन्या पुलाला घासल्यावर! मग काय, वीस खुर्च्यांवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती. कायमची!

सकाळी धक्क्यावर नर्सबाई, कारखान्यातल्या बायका ताटकळतात आणि मी म्हणायचं, "बोट भरली." आमची वाळू मात्र खिडकीशी बसून प्रवास करते! मी साहेबांना म्हटलं, "गर्दीला पोती उतरवू, रिकाम्या फेरीला चढवू." तर म्हणे, "पोत्यांना मंजुरी आहे. तू बोट चालव, डोकं चालवू नकोस."

काल माझं डोकंच फिरलं. पोती धक्क्यावर उतरवली, वीस माणसं आत घेतली. पुलाखालून बोट अलगद गेली, बाबा. छपराला ओरखडा नाही.

आज नोटीस आली: विनापरवाना वजन बदलले. नोकरीचं काय ते कळेलच, आईला बोलू नका. तुमचा गुडघा कसा आहे? जिना टाळता ना?

नोटिशीला उत्तर दिलंय: "वजन तेवढंच होतं. फक्त काल ते कामावर वेळेत पोचलं."

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
तुमची थोरली