खोडलेला आकडा

२ फेब्रुवारी
चार महिने तुला उघडलं नाही, चुकलंच. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं तर खरं लिहावं लागेल, ही भीती.

आज पत्र आलं. पाणी तपासणीचं अनुदान आणखी तीन वर्षं! खाली अट — यापुढे कुठलाही निकाल खात्याच्या मंजुरीशिवाय बाहेर द्यायचा नाही. मंजुरी? नळाच्या पाण्यात शिसं किती, हे आता शिक्का ठरवणार?

संचालक पत्र नाचवत आले. "मॅडम, तोंड असं का? प्रयोगशाळा वाचली ना!"
वाचली. मुकी होऊन.

३ फेब्रुवारी
कामात लक्ष नव्हतं. दोन नमुने पुन्हा चालवावे लागले.

७ फेब्रुवारी
जेवताना यांच्याशी भांडण. "पैसा त्यांचा, हुकूम त्यांचा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी."
म्हटलं, "पोळी लोकांची आहे. खातं नुसतं वाढपी! वाढप्याने ताटावर हक्क सांगू नये."
"मग नका घेऊ पैसे."
इथेच सगळे चुकतात. पैसे सरकारनेच द्यायला हवेत. वीस-वीस वर्षं तोच नळ तपासायला दुसरं कोण येणार? त्यात नफा नाही. पण पैसे द्यायचे म्हणजे तोंड दाबायचं नव्हे.
जरा जास्तच ओरडले. लेक ताट घेऊन आत गेली.

१२ फेब्रुवारी
या अटीवर विधिमंडळाची समिती वीस तारखेला सुनावणी घेणार. सगळे सहकारी एका सुरात, "तूच बोल, तुला छान बोलता येतं." मांजराच्या गळ्यात घंटा, दुसरं काय!

निवेदनासाठी जुन्या नोंदवह्या काढल्या. मामांनी गठ्ठे आणून दिले. मामा इथे तीस वर्षं बाटल्या आम्लाने धुतात, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिला धडा तेच देतात — चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही. "खोडायचं, पण गाडायचं नाही."

१६ फेब्रुवारी
पान सापडलं. — नाही, असं लिहू नये. मी ते शोधतच होते, आणि सापडू नये अशी आशाही करत होते.

सहा वर्षांपूर्वीचं. पुलापलीकडच्या शाळेचा नळ. शिसं मर्यादेच्या चौपट. त्यावर एक रेघ. शेजारी "यंत्रात बिघाड". सही माझी.

बिघाड नव्हता. तेव्हाच्या संचालकांना खात्यातून एक फोन आला होता. ते म्हणाले, "निवडणूक होऊ दे, मग पुन्हा नमुना घेऊ." घेतलाच नाही. तेव्हा कसलीही लेखी अट नव्हती. एका फोनवर मी वाकले! मग आज हा संताप कुणावर?

१७ फेब्रुवारी
मामांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "ताई, त्या दिवशी यंत्र ठणठणीत होतं. मीच सुरू केलेलं."
"मग तेव्हा का नाही बोललात?"
"तुम्ही विचारलं नाहीत."

१८ फेब्रुवारी
संचालकांना सांगितलं, समितीपुढे हे पान ठेवणार. ते पांढरेफटक. "वेड लागलंय? म्हणतील, मोकळीक होती तेव्हा हे दिवे लावलेत! नोकरी जाईल तुमची. आमचीही."
म्हणतील खरं. त्यांचं चूक नाही. पण माझ्यासारखी एका फोनवर वाकते, तर शिक्क्याच्या धाकाने किती वाकतील? ती अट म्हणजे तोच फोन, रोजचा, कायद्याने. हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?
रागाने लिहिलेली अकरा पानं फाडली. दोन उरली. पहिलं वाक्य — "ही सही माझी आहे."

१९ फेब्रुवारी
सुनावणी उद्या सकाळी अकरा वाजता. पण सहा वर्षं तिथली मुलं तेच पाणी पितायत, आणि मी निवेदन घोटत बसले होते! मामांनी न सांगता दोन बाटल्या धुऊन टेबलावर ठेवल्यात.
उद्या: सकाळी सहा, शाळेचा नळ कुणी सोडायच्या आत पहिल्या धारेचा नमुना घेणे.