आण्णांनी काटा बरोबर वाचला होता

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
अक्षताचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा चांगलीच आहे. आईचा गुडघा दुखतो, पण भाजीवालीशी हुज्जत घालायला रोज खाली उतरते, म्हणजे बरीच आहे म्हणायची. हंगाम जोरात चाललाय. उसाची ट्रॉली शेजारून गेली की मी अजून तोंड फिरवते.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, आण्णांचं धातूचा कडकपणा मोजायचं जुनं मशीन घासूनपुसून पाठव; नव्या कारखान्याच्या दारात ठेवतो, खाली पितळी पाटी लावतो, ‘प्रामाणिकपणाचा वारसा’. खरं सांगते, मला बरं वाटलं. गेल्या रविवारी उद्यमनगरातल्या आपल्या बंद शेडमध्ये गेले. ताडपत्री काढली, जाळ्या झाडल्या, डायलची काच रॉकेलनं पुसली. आण्णा मला शिकवायचे ते आठवलं. “हे टोक वजनानं लोखंडात रुतवायचं. खोल रुतलं तर लोखंड मऊ, थोडंच रुतलं तर कडक. काटा तेवढंच सांगतो, जास्त शहाणपणा करत न्हाई.”

चालतंय का बघावं म्हणून आण्णांचा नमुन्याचा ठोकळा लावला. त्याचा कडकपणा त्याच्यावरच कोरलेला असतो. काट्यानं त्याहून बराच जास्त दाखवला. परत लावला, परत तेच. वाटलं, गंजलं असेल. पण गंजलेलं मशीन दरवेळी एकसारखं खोटं बोलत नाही. मग मागचं झाकण काढून वजनं खाली घेतली. खालचं वजन हाताला हलकं लागलं. उलटं केलं. तळाला भोक पाडून आत रंगारी भेगा बुजवतात ती लांबी भरलेली, वरून काळा रंग. नखानं खरवडली तर भुगा पडला.

वजन हलकं, म्हणून टोक कमी रुतायचं. म्हणून मऊ लोखंडही कडक दिसायचं.

मी भाऊसोंच्या घरी गेले. आपल्या लेथवर इतकी वर्षं काढली त्यांनी, त्यांनाच ठाऊक असणार. वजन पुढं ठेवलं तर म्हणाले, “व्हय, म्याच पाडलंय भोक. दादांनी सांगितलं, वजन जादा झालंय, हलकं करा. आण्णांस्नी बोलू नगा म्हणले, मनाला लावून घेतील. का, काय झालं?”

काय झालं ते मी त्यांना सांगितलं. मग वजन उचलून घरी आले.

ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवायच्या पिनांची घाईची ऑर्डर होती. पिना कडक करायची भट्टी तू बघत होतास. माल मऊ निघाला. परत भट्टीत घालायच्या ऐवजी तू मशीनलाच खोटं बोलायला लावलंस, आणि तपासायला आण्णांना बसवलंस, कारण त्यांचा शब्द बाजारात चालायचा. मग हातकणंगल्याच्या आकारामच्या ट्रॉलीची पिन वाकून निसटली आणि ट्रॉली त्याच्या पायावर आली. पाय मांडीपासून काढला. ती वाकलेली पिन हातात घेऊन आण्णा म्हणाले, “एवढी मऊ पिन माझ्या हातून गेली कशी? माझी नजर गेली, पृथ्वीराज. काटा चुकीचा वाचला मी.”

आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणालास? “वय झालं आण्णा, होतं असं.” मी शेजारी उभी होते. मला तेव्हा तू किती समजूतदार वाटला होतास! त्या आठवणीचीसुद्धा आता शिसारी येते.

त्यांनी शेड बंद केली. मरेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी एसटीनं हातकणंगल्याला जाऊन आकारामच्या दारात बसायचे. तू गाडीनं सोडतो म्हणायचास. सोडलंससुद्धा दोनदा. गाडीतून उतरला नाहीस.

काल मी तिथं गेले. सगळं सांगितलं. आकाराम खाटेवर बसून ऐकत राहिला. त्याची बायको बाळाबाई उठून उंबऱ्याशी आली. मग म्हणाली, “म्हातारा उंबऱ्याभाईर बसायचा. म्या त्येला कधी आत ये म्हणलं न्हाय. तोंडावर नगं नगं ते बोलले. त्यो मान खाली घालून ऐकायचा की गं. त्येचा काय गुन्हा व्हता?”

 याचं उत्तर तुझ्याकडं आहे.

मशीन येणार नाही. ते आणि ते वजन आकारामच्या वकिलाकडं दिलंय. भाऊसो जबाब द्यायला तयार आहेत. आकारामनं तुझ्या नव्या कारखान्याचा पत्ता मागितला, तो मी लिहून दिला. वकिलाच्या आधी तो स्वतः येणार आहे, बाळाबाईला घेऊन. त्यांना दारात बसवू नकोस.

आईला मी काही बोललेले नाही. तिला तू सांगायचं आहेस, समोर बसून. ते सांगायचं नसेल तर या घराची पायरी चढू नकोस.

आण्णांची मुलगी,
अक्षता