चार तासांचा बाक

जाऊबाई,

आधी रक्त तपासायचं, मग रिपोर्ट, मग कुठे माझं केमोचं औषध बनणार. चार तास बाकावर बसून कंबर मोडते. खिडकीवर मीच भांडले ना, "माणसं इथेच म्हातारी करता का?"

परवा नर्स म्हणाली, "मावशी, आता आदल्या दिवशी रक्त देऊन जा. सकाळी आलात की लगेच सलाईन लावू."

मी नको म्हटलं. जीव थकलाय, तरी नको.

घरात वीस वर्षं आपण कामापुरतंच बोललो. त्या बाकावर मात्र माझं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही बोलत बसता.

हातात द्यायची हिंमत नाही, पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवते. सापडलं तर चार शिव्या द्या, पण मंगळवारी चला.

तुमची,
धाकटी