रविवारपर्यंतच टिकणारा वारसा

मी, रघुपती राव, वय बासष्ट, निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धमकावलेले नाही, फूसही लावलेली नाही. परवा बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. शंभरात चार जण दगावतात, असे डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर मुलांना शक्यता शिकवली, तरी मला त्या चारांची भीती वाटते.

१. राहते घर मुलगी हरिप्रिया हिला. माझी थोरली बहीण वेंकूबाई हयात असेपर्यंत तिथेच राहील. बँकेतील ठेवी दोघींना सारख्या. या कागदाप्रमाणे सारे पार पाडण्याची जबाबदारी वेंकूअक्काची.

२. चुलतभाऊ भरद्वाज याला माझी छत्री. रघू म्हातारपणी पोरांच्या पत्त्यांच्या नादी लागला, असे तो स्वतःच्या नातवाच्या मुंजीत भर पंगतीत म्हणाला होता. छत्रीची एक काडी मोडली आहे. दुरुस्त न करता द्यावी.

३. जयतीर्थ यांच्या दुकानात दर रविवारी कार्डांचा खेळ होतो; ज्याने त्याने कार्डे निवडून आपला गठ्ठा, म्हणजे डेक, बांधून आणायचा. त्यातला माझा साठ कार्डांचा डेक हरिप्रियेला. तो कॉम्बोचा, म्हणजे दोन कार्डांच्या जोडीवर चालणारा आहे. ‘एको बेल’ ही घंटा खेळली की समोरच्याचा एक गुण जातो, आणि ‘वॉटरव्हील’ हे पाण्याचे चाक ती बेल परत हातात आणून देते. दोन्ही जमली की समोरचा संपेपर्यंत चाक थांबत नाही.

इंटरनेटवरची डेकची यादी जशीच्या तशी उतरवून मी अकरा रविवार हरलो. ती मोठ्या शहरांतल्या स्पर्धांसाठी होती. आमच्याकडे खेळतात नऊ जण, आणि त्यातले पाच मुरलीकृष्ण यांची नक्कल करतात. मुरलीकृष्ण म्हणजे दुसऱ्याचे कार्ड रद्द करणारी कार्डे हातात धरून, मिशीत हसत बसणारे गृहस्थ. शेवटी मी वही घातली: कोण काय खेळतो, कशाला घाबरतो. ती वहीही हरिप्रियेची.

मात्र हा वारसा घरासारखा टिकणारा नाही. येत्या रविवारी जो जिंकेल तो चेन्नईच्या राज्य स्पर्धेला जाईल. पुढच्या आठवड्यात नवी कार्डे येतील आणि माझी वही रद्दीत जाईल. म्हणून आत्ताच सांगतो. मुरलीकृष्ण यांना दम धरवत नाही, पहिला धोका दिसला की ते रद्द करतात. कार्डे शोधून देणारे दोन ‘स्काउट’ काढून मी तिसरी आणि चौथी बेल घातली आहे. पहिल्या दोन बेली मुद्दाम मरू द्याव्यात. मुरलीकृष्णांचा हात रिकामा झाला की चाक, मग तिसरी बेल.

मला इस्पितळात नेणार आहेत ते मुरलीकृष्णच, आणि या कागदावर साक्षीदारही तेच. त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून हे बिनधास्त लिहिले. हरिप्रियेलाही वाचता येत नाही, ऐकून कळते. अक्काने तिला घरात बसून वाचून दाखवावे.

४. बुधवारी मी गेलो तर रविवार सुतकात येतो. हे सांगितले तेव्हा अक्काची विळी थांबली. “सुतकांत लेक खेळाला जायाची? अस्के लोक काय म्हणतील, रघू?” तारीख मी ठरवलेली नाही, एवढेच मी म्हणालो. ती उठून आत गेली. तरी लेखी विनंती करतो: हरिप्रियेला अडवू नये. पाप लागलेच तर ते माझ्या नावावर धरावे.

५. हरिप्रिया खेळू लागली ती माझ्यामुळे, आणि खेळ सोडला तोही माझ्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी अंतिम फेरीत आम्ही समोरासमोर आलो. मी चार कार्डे अशी घातली होती, की त्या दुकानात ती फक्त तिच्याच डेकवर चालावीत. तिसरे टाकल्यावर ती म्हणाली, “अप्पा, हे माझ्यासाठींच घातलांत कां?” सगळ्यांचा खेळ बघून घातली, असे मी सांगितले. ती पत्ते गोळा करून उठली. मग त्रिचीला नोकरी धरली आणि पुन्हा माझ्यासमोर बसली नाही.

मी खोटे बोललो, हरिप्रिया. तुला हरवायलाच ती घातली होती. तू माझ्यापेक्षा चांगली खेळू लागली होतीस आणि ते चारचौघांत दिसू नये म्हणून मी धडपडत होतो. मला त्याची लाज वाटते.

६. मी जगलो तर कलम एक आणि दोन लागू नाहीत. तीन आणि पाच मात्र शनिवारी तिला ऐकवावीतच. हे कायद्यात बसते की नाही, ठाऊक नाही. काल तिचा फोन आला होता. वीस मिनिटे मी गोळ्यांच्या वेळा सांगत राहिलो. जिवंत राहूनही हे माझ्या तोंडून निघेल, याचा भरवसा नाही.

ठिकाण: तंजावूर. सोमवार, १२ ऑगस्ट २०२४.
सही: रघुपती राव
आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
साक्षीदार: मुरलीकृष्ण (सही तमिळमध्ये), जयतीर्थ

पुरवणी, त्याच दिवशी, अर्ध्या तासाने.

सह्या झाल्यावर मी जयतीर्थ यांना रविवारच्या यादीतले माझे नाव खोडून हरिप्रियेचे लिहायला सांगितले. ती येईल का, असे त्यांनी विचारले. मला माहीत नाही, मी म्हणालो. मुरलीकृष्ण यांचे हसू मावळले. ते तमिळमध्ये म्हणाले, “मुलगी बसणार असेल तर मला अख्खा डेक बदलायला हवा. तुमच्यासाठी आहे तो पुरत होता.”

तेव्हा कलम तीनमधला माझा सल्ला रद्द समजावा. हरिप्रियेने स्वतःच्या अकलेने खेळावे.

सही: रघुपती राव
साक्षीदार: मुरलीकृष्ण, जयतीर्थ