कंपनीचा हिरवा पट्टा

कुरुळी,
८ सप्टेंबर २०२५

चि. दिग्विजयास अ. उ. आ.

फोनवर मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून कागदावर लिहिते. हे तरी पुरतं वाच.

तुझ्या कंपनीच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माझ्या खांद्याला लागलंय. ते आणि आमची भिंत, मध्ये हातभर बोळ. तुझ्या भाचीचे, दिव्याचे डोळे सुजलेत, छाती वाजते, पोर बसूनच झोपते. मुमताज डॉक्टर म्हणाल्या, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलाय, झाडांचं ते खाणंच, म्हणून हे गवत जास्त फोफावतं आणि परागही जास्त उडतात. म्हणजे धूर तुमचा, माज गवताचा आणि श्वास अडकणार माझ्या लेकीचा! वा रे न्याय! अजून कळ्याच आहेत. फुलायच्या आत मुळासकट उपटून घे. प्लॉटची देखभाल तुझ्याकडे आहे, हात झटकू नकोस.

सौ. मिनलला आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.

तुझी ताई,
विजयश्री

वाकड,
१४ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मिनल म्हणाली, कागदाचासुद्धा चटका बसतो. अगं, जरा दमानं! आमच्या साहेबांनी तो प्लॉट कागदोपत्री 'हिरवा पट्टा' म्हणून दाखवलाय. हिरवं म्हणजे कार्बन शोषणारं, मग उपटायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. गेटवर तसा बोर्डही लागलाय. तरी मी शब्द टाकलाय. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्याआधी सगळा परिसर साफ होतो, त्यात प्लॉटही उरकून घेतो. तू दिव्याला घेऊन पूजेला ये. मामा कुठं काम करतो ते तिला बघायचंच आहे.

राग थोडा खाली ठेवून लोभ वाढवावा.

तुझा,
दिग्विजय

कुरुळी,
३ ऑक्टोबर

दिग्विजय,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

साफसफाई म्हणे! गवत भर फुलात, आणि पूजेच्याच सकाळी त्यावर कटर फिरवलास? नुसता भुगा उडत होता. तुझ्या बोलावण्यावरून नवं परकर-पोलकं घालून आलेली पोर गेटपाशीच खाली बसली. ओठ निळे पडले तिचे. मी हाका मारतेय आणि तू म्हणतोस, साहेब नारळ फोडतायत, दोन मिनिटं थांब. लाज नाही वाटली? रिक्षावाल्या रहिमानभाईंनी गाडी आत घातली म्हणून हॉस्पिटल गाठलं. काल ऑक्सिजन काढला.

कापलेलं गवत आमच्याच भिंतीला रचून ठेवलंय. आधी ते उचल, मग लोभाचं बोल.

विजयश्री

वाकड,
१९ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

तुझ्या शिव्या कमीच पडल्या. ढीग मी स्वतः पाणी मारून, हातमोजे घालून उचलला, ते तू पाहिलंस. साहेबांना म्हणालो, मुळं खणून काढू, कडुनिंब लावू. ते म्हणाले, पट्टा उजाड दिसला तर फोटोत काय दाखवायचं? बहिणीलाच खोली बदलायला सांग. माझं डोकंच फिरलं. तोंडावर सांगितलं की त्या पट्ट्यात तुमची पोरं खेळायला आणा. त्यांनी माझी शिफ्ट बदलली. बदलू दे.

पट्टा तसाच राहणार, म्हणूनच दिव्याला आमच्याकडे आणलं. अकराव्या मजल्यावर हवा चांगली असेल, असं वाटलं होतं. चार दिवस पोर खिदळत होती, मिनलच्या मागं मागं फिरत होती. काल छाती परत वाजायला लागली. औषध दिलंय, आता झोपलीय, घाबरू नकोस. खाली उतरून बघितलं, तर बिल्डरच्या रिकाम्या प्लॉटवर तेच गवत, पांढरंधोप फुललेलं. त्याच्या ऑफिसात जाऊन ओरडलो. तिथला माणूस हसून म्हणाला, राव, हिरवळ आहे की, तुमचं काय जातं?

ताई, वर आलो तर दिव्यानं विचारलं, मामा, आता मला कुठं ठेवणार? तिला थोपटून झोपवलं आणि हे लिहायला बसलो. तू मोठी आहेस. लोभ नको, शिव्या दे, पण तिला काय सांगू ते कळव.

दिग्विजय