आत्याबाईंचं डाळिंबी लुगडं

पाटोद्याहून आश्रुबाचा केजच्या उत्तरेश्वरराव पाहुण्यांना वाकून रामराम.

तुमच्या गुडघ्याला आराम असंल, म्हैस लाथा न मारता दूध देत असंल आणि वहिनी माझ्या नावानं बोटं मोडत नसतील, अशी आशा हाय. फोन तुमी उचलीत न्हाई, म्हणून हा कागद.

तुमच्या मातोश्रींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, तिकडं काय सांगितलं ठाऊक न्हाई; खरं असं झालं. आमच्या बांधावरच्या निवडुंगाला कापसासारखं पांढरं काहीतरी लागलंय. चुरगाळून बघितलं तर बोटं लालभडक! (काटा घुसला समजून मी घटकाभर बोंबललो.) मोबाईलवर पाहिलं, तर ते बारके किडे निघाले. त्यांच्या रंगानं म्हणे कापड रंगवत्यात, ओठाची लाली पण करत्यात. मग काय, किडे वाळवले, कुटले, तुरटी टाकून उकळले आणि आत्याबाईंचं विटलेलं लुगडं त्यात बुडवलं. (विचारलं न्हाई, पण भावना चांगली होती.) पाहुणे, डाळिंब फुटावं असा रंग आला! आत्याबाई तेच नेसून देवळात हरिपाठाला गेल्या. बायका विचारायला लागल्या, "भिवराबाई, कोणच्या दुकानातलं वो?" त्या म्हणल्या, "आमच्या जावयानं रंगवलंय." लग्नापासून पहिल्यांदा माझं कौतुक! मला ऱ्हावलंच न्हाई. मागून वरडलो, "निवडुंगावरच्या किड्यांचा रंग हाय, अस्सल!"

टाळ थांबले. आत्याबाई पडल्या माळकरी, अंड्याच्या दुकानावरून जाताना श्वास धरणाऱ्या. "म्हंजी मुडद्या, म्या किडे नेसून हरिपाठ म्हणला व्हय?" समजूत घालावी म्हणून मी म्हणलं, "कावून रागावता? तुमच्या लेकीच्या, वनमालाच्या ओठावर पण तेच असंल." झालं! वनमालानं पदरानं ओठ पुसले, तिच्या शेजारच्या सगळ्या सुनांनी पुसले, आणि कोणकोण चोरून लाली लावतंय ते सासवांना कळलं. देवळात लई रण माजलं. त्या गोंधळात दोघी मायलेकी जीप धरून तुमच्याकडं निघून आल्या.

तुमचाच,
आश्रुबा

ता. क. : वनमालाला पाठवून द्या. घर खायला उठतंय. माझ्या हातची भाकरी कुत्रं हुंगून परत जातंय. तिला म्हणावं, लाली लावून आली तरी चालंल.

आणखी ता. क. : जरा घाई करा. हरिपाठाच्या बायका "शिव शिव" म्हणत मागच्या दारानं लुगडी रंगवायला टाकून चालल्यात, एकट्याच्यानं उरकत न्हाई. आत्याबाईंना मात्र दिवाळीपर्यंत तिकडंच ठेवा, त्यांना बघून गिऱ्हाईक बिचकंल.